लोखंडाच्या गावात मॅग्नेशियम वितळवताना

2016 च्या जुलैत माझी धाकटी जाऊ खानापूरजवळच्या शेतात भाताची लावण करताना बांधावरून घसरली. घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं, स्टीलचे दोन स्क्रू बसले आणि तीन महिन्यांत हाड जुळलं. काम संपलं तरी स्क्रू आतच राहिले. चप्पल घातली की स्क्रूचं डोकं टोचायचं. दीड वर्षानं पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा घरात बसणं. डॉक्टरांनी काढलेले स्क्रू तिला छोट्या पिशवीत घालून दिले आणि तिनं ते माझ्या हातात ठेवले. "वहिनी, तुम्ही धातूचंच काम करता न्हवं? हे आपोआप विरघळून जाईल असं काय नसतंय काय?"

असतंय. हाडात विरघळणारे मॅग्नेशियमचे स्क्रू युरोपात 2013 पासून मान्यता मिळवून वापरात आहेत. मला मात्र तेव्हा त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सतरा वर्षं स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीत काढली, पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवायला लागले. गेली काही वर्षं एम.टेक.च्या मुलांबरोबर हे मिश्रधातू करते आहे. हा विषय घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी जे पहिल्या महिन्यात सांगते, तेच इथे लिहिते. हे सगळं प्रयोगशाळेतलं काम आहे. इथून माणसाच्या हाडापर्यंतची वाट लांब आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगते.

धातू कुठला घ्यायचा

शरीरात विरघळू देण्याजोगे धातू मुख्यतः तीन. लोखंड, जस्त आणि मॅग्नेशियम. तिन्ही आपल्या अन्नात असतात, म्हणून शरीराला त्यांची विल्हेवाट लावता येते. लोखंड भक्कम आहे, पण शरीरात फार सावकाश गंजतं आणि त्याचा गंज वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतो. जस्ताचा विरघळण्याचा वेग सोयीचा आहे. रक्तवाहिनीतल्या स्टेंटसाठी त्याच्यावर चांगलं काम चाललं आहे. पण शुद्ध जस्त मऊ असतं, शिवाय ते 420 अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे आपल्या 37 अंशांच्या शरीरातसुद्धा ते ताणाखाली हळूहळू सरकत राहतं आणि ठेवल्या-ठेवल्या त्याचे गुण बदलतात.

हाडासाठी मी मॅग्नेशियमच घ्यायला सांगते. कारण लवचिकतेत आहे. हाडाचा लवचिकता गुणांक (जितका मोठा तितका पदार्थ ताठ) साधारण 10 ते 30 गिगापास्कल, मॅग्नेशियमचा 45, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा 110 आणि स्टीलचा 190 च्या वर. स्टीलची पट्टी इतकी ताठ असते की सगळा भार तीच घेते, आणि भार न मिळालेलं हाड खाली विरळ होत जातं. मॅग्नेशियम हाडाबरोबर वाकतं. आपल्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतंच, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, आणि दिवसाला तीनशे-चारशे मिलिग्रॅम आपल्याला अन्नातून लागतं. एक छोटा स्क्रू वर्षभरात विरघळला, तर त्याचा रोजचा हिस्सा त्यापुढे नगण्य ठरतो.

अडचण वेगाची आहे. मॅग्नेशियमला पाणी लागलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. ढोबळ हिशेब लक्षात ठेवा, एक मिलिग्रॅम धातू गेला की जवळपास एक मिलिलिटर वायू. सावकाश सुटला तर शरीर तो शोषून घेतं, भराभर सुटला तर कातडीखाली फुगा येतो. बेल्जियमचे शल्यचिकित्सक आल्बिन लांबोत यांनी 1906 च्या सुमारास पायाच्या मोडलेल्या हाडावर शुद्ध मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी पक्की केली. आठ दिवसांत पट्टीचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साठला. ही गोष्ट मी मुलांना दोनदा सांगते, कारण तिच्यात दोन चुका आहेत. एक म्हणजे त्या काळचं अशुद्ध मॅग्नेशियम. दुसरी म्हणजे दोन वेगळे धातू खारट द्रवात एकमेकांना टेकवणं. तसं केलं की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यातला दुबळा धातू, म्हणजे मॅग्नेशियम, झपाट्यानं खाल्ला जातो. म्हणून मॅग्नेशियमच्या स्क्रूबरोबर स्टीलची पट्टी कधीच नको.

आधी लोखंड बाहेर काढा

नवा विद्यार्थी आला की त्याला लगेच मिश्रण ठरवायचं असतं. कुणाला इट्रियम घालायचं असतं, कुणाला स्ट्रॉन्शियम, कुणाला चांदी. मी म्हणते, ते सगळं पुढच्या वर्षी. आधी मला शंभर ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम वितळवून, ओतून दाखव, आणि त्यातलं लोखंड मूळ कांडीपेक्षा वाढलेलं नसलं पाहिजे.

लोखंड मॅग्नेशियममध्ये जवळजवळ विरघळत नाही. जे येतं ते बारीक कणांच्या रूपात बसतं, आणि लांबोतच्या पट्टीत खिळ्यांनी जे केलं तेच हा प्रत्येक कण आपल्या भोवतीच्या धातूचं करतो. 1942 साली अमेरिकेत हॅनावाल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध मॅग्नेशियमसाठी याच्या मर्यादा मोजल्या. लोखंड दर दहा लाख भागांत 170, तांबं 1000, निकेल फक्त 5. त्याखाली धातू शांत राहतो, त्यावर गेला की गंजण्याचा वेग अनेक पटींनी उसळतो. एक किलो वितळलेल्या धातूत 170 भाग म्हणजे 170 मिलिग्रॅम, कानशीची चिमूटभर कीस. निकेलच्या बाबतीत तर पाच मिलिग्रॅम. आणि ओतलेला धातू सावकाश थिजला तर लोखंडाची ही मर्यादा आणखी खाली येते, हेही ध्यानात असू द्या.

आता आपलं गाव बघा. उद्यमबाग, मच्छे, सगळीकडे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या फाउंड्र्या. हवेत लोखंड, बाकावर लोखंड, हातमोज्यांवर लोखंड. आमच्या पहिल्या ओतकामात मी स्वतः चूक केली. मुशीतला धातू ढवळायला शेजारच्या शॉपमधून स्टेनलेसची सळई आणली. चकचकीत, स्वच्छ धुतलेली. स्टेनलेसमध्ये निकेल असतं आणि निकेल वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये आनंदानं विरघळतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरीही हात तिकडेच गेला. त्या तुकड्यांनी मिठाच्या पाण्यात दोन दिवसांत चाळणी होऊन दाखवलं. सतरा वर्षं स्पेक्ट्रोसमोर बसून मी दुसऱ्यांच्या धातूतल्या अशुद्धी पकडल्या होत्या, त्यामुळे ही चूक मला फार लागली.

म्हणून आमचे नियम असे. मॅग्नेशियम 99.99 टक्के शुद्धतेचं घ्यायचं. 99.9 ऐकायला छान वाटतं, पण उरलेला 0.1 टक्का म्हणजे दहा लाखांत हजार भाग, आणि त्यात लोखंड किती हे विकणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मूस ग्रॅफाइटची. तसली मिळाली नाही तर साध्या कमी कार्बनच्या पोलादाची चालेल, पण आतून बोरॉन नायट्राइडचा लेप देऊन, आणि स्टेनलेसची मुळीच नको. ढवळायची काडीही तशीच लेप दिलेली. या कामाच्या कानशी, करवतीची पाती, पॉलिशचे कागद वेगळ्या पेटीत, कुलपात. पोलादावर एकदा फिरलेला कागद मॅग्नेशियमवर फिरवायचा नाही. आणि प्रत्येक ओतकामाचं पृथक्करण बाहेरून, आयसीपी पद्धतीनं (ती अगदी सूक्ष्म अशुद्धीही मोजते) करून घ्यायचं. फाउंड्रीतला स्पेक्ट्रो लोखंडासाठी बसवलेला असतो. मॅग्नेशियममधले निकेलचे पाच भाग त्याच्यावर वाचू नका.

मिश्रण

शुद्ध मॅग्नेशियम हाताशी आलं की त्याला ताकद द्यायला फार थोडं घालावं लागतं. बाजारातल्या जुन्या मिश्रधातूंत अ‍ॅल्युमिनियम असतं, एझेड 91 मध्ये तर नऊ टक्के. गाडीच्या भागांना ते उत्तम, पण मेंदूच्या विकारांशी अ‍ॅल्युमिनियमचा संबंध असल्याचा संशय आहे, म्हणून मी ते हाडासाठी घेत नाही. इट्रियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं कुटुंब यशस्वी ठरलं आहे. 2013 मध्ये युरोपीय मान्यता मिळालेला जर्मन स्क्रू त्याच कुटुंबातला. पण ही मूलद्रव्यं महाग, आणि शरीरात ती कुठं जाऊन बसतात हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

मी मुलांना जस्त आणि कॅल्शियमच्या वाटेला लावते. दोन्ही शरीराच्या ओळखीची. झुरिक, लिओबेन आणि ग्राझच्या मंडळींनी या वाटेवर दाखवलेलं काम मला सगळ्यात पटतं. जस्त आणि कॅल्शियम दोन्ही अर्ध्या टक्क्याहून कमी, बाकी अतिशुद्ध मॅग्नेशियम. ग्राझमध्ये याच मिश्रधातूचे स्क्रू वीस रुग्णांच्या घोट्याच्या आतल्या हाडाला बसवून पाहिले गेले. नेमकं माझ्या जावेचं मोडलेलं हाड! 2023 मध्ये जस्त-कॅल्शियमच्या मॅग्नेशियमचा एक फिनिश स्क्रू अमेरिकेतही मान्य झाला.

इतकं कमी का घालायचं? मॅग्नेशियममध्ये जस्त जास्तीत जास्त सहा टक्क्यांच्या आसपास विरघळतं आणि कॅल्शियम दीडहून कमी, तेही उच्च तापमानाला. जास्तीचं थिजताना वेगळे कण होऊन बाहेर पडतं. कॅल्शियम वरचढ असेल तर मॅग्नेशियम-कॅल्शियमचे कण बनतात, ते स्वतःच आधी विरघळतात आणि खड्डे सोडतात. जस्त वाढलं की तिघांचे मिळून कण बनतात, ते उलट आजूबाजूचा धातू खायला लावतात. दोन्हींचं प्रमाण राखलं आणि एकूण कमी ठेवलं की धातू सगळीकडून सारखा झिजतो. आम्हाला हवं आहे ते हेच सारखं झिजणं. एका जागी खोल खड्डा पडला तर स्क्रू तिथेच तुटेल, मग सरासरी वेग कितीही सुंदर असो.

वितळवणं

एसजी आयर्न करणाऱ्या प्रत्येकानं मॅग्नेशियमचा पांढरा लख्ख उजेड पाहिलेला आहे. लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, फेरोसिलिकॉन मॅग्नेशियम या मिश्रणावर वितळलेलं लोखंड ओतलं की डोळे दिपतात, कारण लोखंड 1400 अंशांच्या वर आणि मॅग्नेशियम 1090 ला उकळतं. तिथे ते दहा-वीस किलो मिश्रणातलं पाच-सहा टक्के असतं. इथे तुमच्या मुशीत ते शंभर टक्के आहे. आमच्याकडचे एक जुने मोल्डर मामा मदतीला आले तेव्हा सवयीनं वाळूची बादली भट्टीशेजारी ठेवायला लागले. मी थांबवलं. ओली वाळू आणि पेटलेलं मॅग्नेशियम म्हणजे हायड्रोजनचा स्फोट, आणि कोरडी वाळूही त्याच्याशी रासायनिक झगडा करते. पाणी नको. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं नको, मॅग्नेशियम त्याच्यातही जळतं. धातूची आग विझवायची डी वर्गाची पावडर ठेवा, नसेल तर बीडाचा पूर्ण कोरडा चुरा. तो बेळगावात मागाल तिथे मिळतो. आमच्या मामांनी तो स्वतः भाजून, डब्यात सील करून ठेवला. "पाण्यानं पेटतंय म्हणजे कसली वस्तू म्हणायची ही," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून भट्टीच्या खोलीत कुणाला चहाचा कपसुद्धा आणू देत नाहीत.

आम्ही बंद कक्षात, आर्गॉन भरून वितळवतो. उघड्या मुशीवर एसएफ सिक्स (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायूचं आवरण देण्याची पद्धत उद्योगात होती आणि काही ठिकाणी अजून आहे, पण हा वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त जड आहे. शंभर ग्रॅमच्या प्रयोगासाठी तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॅग्नेशियम 650 अंशांना वितळतं, आम्ही 720 च्या पुढे जात नाही, कारण जितकं गरम तितकं मुशीतून लोखंड जास्त ओढलं जातं. जस्ताचे दाणे सरळ टाकता येतात. कॅल्शियम धातू म्हणून टाकू नका, तो हलका आहे, वर तरंगतो आणि जळतो. मॅग्नेशियम-कॅल्शियमचा तयार मास्टर अलॉय, म्हणजे आधीच मिसळून ठेवलेला मिश्रधातू, घ्या. हळू ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवा म्हणजे जड कण तळाशी बसतील, आणि ओतताना मुशीतला तळाचा धातू मागे ठेवा. साचा धातूचा, लेप दिलेला आणि 250 ते 300 अंशांपर्यंत तापवलेला असावा. वाळूचा साचा इथे चालत नाही, त्यातला ओलावाच घात करील.

जून ते सप्टेंबर आम्ही वितळवत नाही. बेळगावचा पाऊस भिंतीतून आत येतो. मूस, कांड्या, चिमटे सगळं 150 अंशांना वाळवलं तरी ओव्हनमधून काढून भट्टीपर्यंत नेईतो त्यावर दमट हवा बसते. हे महिने चाचण्यांसाठी ठेवा.

ओतलेल्या गोळ्यातले दाणे, म्हणजे धातूचे स्फटिक, मोठे असतात, त्यातून स्क्रू करायचा नाही. आम्ही 30 मिलिमीटर व्यासाची बिलेट, म्हणजे ओतलेला दंडगोल, आर्गॉनमध्ये 350 अंशांवर बारा तास ठेवतो म्हणजे जस्त-कॅल्शियम सगळीकडे सारखं पसरतं. मग 325 अंशांच्या आसपास 6 मिलिमीटरच्या छिद्रातून दाबून कांडी काढतो, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ पंचवीसास एक उरतं. त्यासाठी शंभर टनी प्रेस पुरतो, आणि हायड्रॉलिकचं काम जाणणारे कारागीर आपल्या गावात हवे तेवढे आहेत. थंड असताना मॅग्नेशियम दाबायचा प्रयत्न करू नका, त्याची स्फटिकरचना षट्कोनी आहे, सरकायला जागा कमी, तडे जातात. दाणे बारीक झाले की ताकद चढते. आमचं लक्ष्य 200 मेगापास्कलच्या वर यील्ड (धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) आणि तुटण्याआधी दहा टक्क्यांच्या वर लांबणं.

टर्निंग कोरडं किंवा खनिज तेलावर करा. पाण्याचा कूलंट नको. बारीक चुरा पटकन पेटतो, म्हणून रोजच्या रोज झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. टूलचं पोलाद पृष्ठभागावर घासून चिकटतं, म्हणून शेवटी पातळ आम्लात थोडा वेळ बुडवून वरचा थर काढून टाका. ही पायरी गाळली तर वरच्या सगळ्या काळजीवर पाणी पडतं.

विरघळण्याचा वेग मोजताना

6 मिलिमीटर व्यास आणि 10 मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्या. क्षेत्रफळ सुमारे 2.45 चौरस सेंटिमीटर, वजन अर्धा ग्रॅम. दर चौरस सेंटिमीटरला किमान 20 मिलिलिटर द्रव हवा, म्हणजे पन्नासच्या आसपास. आम्ही शंभर घेतो. तापमान 37 अंश, सामू 7.4. नुसतं मिठाचं पाणी फक्त वाईट धातू लवकर ओळखायला वापरा. शरीराशी तुलना करायची तर पेशी वाढवायचं माध्यम, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये. कृत्रिम शरीरद्रवात ट्रिस बफर (सामू स्थिर ठेवणारं रसायन) असेल तर तो हायड्रॉक्साइड खाऊन टाकतो आणि गंज खोटा वेगवान दिसतो. याच कारणानं एका मुलाचे चार महिने वाया गेले.

तुकड्यावर उलटी नरसाळी आणि तिच्यावर पाण्यानं भरलेली उलटी ब्युरेट ठेवली की हायड्रोजन मोजता येतो. शेवटी क्रोमिक आम्लानं गंज काढून वजन करायचं. हे आम्ल विषारी आणि कर्करोगकारक आहे, फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायची नाही आणि सांडपाण्यात सोडायचं नाही. हिशेब सोपा. दर चौरस सेंटिमीटरला रोज किती मिलिग्रॅम गेले ते काढा, 2.1 ने गुणा, वर्षाला किती मिलिमीटर ते मिळतं. सात दिवसांत 2.5 मिलिग्रॅम गेले तर 0.15 च्या आसपास, म्हणजे वर्षाला 0.3 मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरखाली असेल तर आम्ही पुढे जातो. पहिल्या दिवशीच्या आकड्यावर काही ठरवू नका, सुरुवातीला वेग जास्त असतो, मग थर बसून तो उतरतो. आणि वजनाबरोबर खड्ड्यांची खोलीही सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, कारण सरासरीत खड्डा लपतो.

प्रयोगशाळेच्या पुढे

पेशींच्या चाचण्यांत नेहमीची एमटीटी पद्धत, जिच्यात जिवंत पेशी रंगद्रव्याचा रंग बदलतात, इथे फसवते. गंजणारं मॅग्नेशियम स्वतःच त्या रंगद्रव्याशी क्रिया करतं आणि मेलेल्या पेशी जिवंत असल्यासारखा आकडा येतो. दुसरी पद्धत घ्या, आणि नमुना द्रवात भिजवून काढलेला अर्क सहा ते दहा पट पातळ करून तपासा, शरीरात रक्त वाहतं आणि बशीत ते साचून राहतं. निर्जंतुकीकरण गॅमा किरणांनी किंवा इथिलीन ऑक्साइडनं. एकदा आमचे नमुने चुकून ऑटोक्लेव्हमध्ये गेले आणि वाफेनं काळेठिक्कर होऊन परतले. तेव्हापासून प्रत्येक पाकिटावर मराठीत आणि कन्नडमध्ये 'वाफ नको' असं लिहिलेलं असतं.

प्राण्यांवरचा प्रयोग संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि माणसावरचा केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या, 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालच्या परवानगीशिवाय नाही. त्यासाठी प्रत्येक ओतकामाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. मूस कुठली, कांडीचा लॉट कुठला, हवेतली आर्द्रता किती. अस्थिरोगतज्ज्ञाला सुरुवातीलाच सोबत घ्या. विरघळणाऱ्या स्क्रूभोवती क्ष-किरण चित्रात वायूची काळी कड दिसते. ज्याला हे माहीत नाही तो डॉक्टर तिला जंतुसंसर्ग समजून चांगला बसलेला स्क्रू काढून टाकेल.

सध्या माझ्याकडे पाचव्या ओतकामाचे सहा तुकडे इनक्युबेटरमध्ये आहेत, आज एकविसावा दिवस. पाचांचा वेग वर्षाला 0.4 मिलिमीटरच्या खाली आहे. सहाव्यात दोन खड्डे दिसले आहेत. तो तुकडा बिलेटच्या तळाकडचा होता, आणि तळाचा किती धातू मागे ठेवला ते वहीत नोंदलेलं नाही. पावसानंतरच्या ओतकामात तेवढं आधी मोजून लिहायचं आहे.